मावशीचा दुसरा गिअर

"सुटला! सुटला गा, सुटला! डॉक्टर, दगड! चाकाले दगड लावा! तोंड काय पाहून राहिले!"

ओरडत होते मोहनसेठ. गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी, वजन एकशे दहा किलो, आणि त्या वेळी ते ट्रकच्या हौद्यात स्वतःच्याच दुकानातल्या दहा गाठींवर मांडी घालून बसले होते. ट्रक खाप्याच्या अलीकडचा चढ निम्मा चढून उलटा निघाला होता. स्टिअरिंगवर मी. ब्रेकवर मी उभा होतो. बसलो नव्हतो, उभा होतो, डोकं टपाला टेकलेलं. तरी गाडी मागेच. आणि डॉक्टर, म्हणजे आमच्या मंडळातले दातांचे डॉक्टर, पांढरे हातमोजे घालून रस्त्याच्या कडेला चांगला दगड निवडत होते. दगड निवडत होते! जणू देव्हाऱ्यात बसवायचाय.

शेवटी त्यांनी एक लावला आणि गाडी थांबली. तेव्हा मागचं चाक आणि कन्हान नदी यांच्यात मोजून चार बोटं अंतर होतं. डॉक्टर म्हणतात, दोनशे फूट होतं. पण ज्या माणसाचं आयुष्य दाढेपासून दाढेपर्यंत गेलं, त्याला अंतराचं काय कळणार?

या अंकाच्या संपादकांनी मला बजावून सांगितलं होतं की मिस्त्री, खरं तेवढंच लिहा. मी म्हटलं, मग अर्धं पान पुरेल. ते म्हणाले, बरं, थोडं इकडंतिकडं चालेल. तेवढ्या परवानगीवर लिहितो आहे.

मी गिअरबॉक्सचा मिस्त्री. चाळीसच्या वर वर्षं ट्रकांच्या पोटाखाली उताणा पडून काढली. लोकांना आकाश निळं दिसतं, मला काळं आणि ठिबकणारं दिसायचं. माझ्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा मी सवयीनं खालून पाहिलं, असं बायको सांगते.

आता बाहेरच्या माणसांसाठी थोडं. आजच्या गाडीत गिअर टाकणं म्हणजे काही कामच नाही, बोटानं ढकलला की पडला. जुन्या ट्रकमध्ये तसं नव्हतं. आत दोन दातेरी चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात, आणि त्यांचा वेग जुळवणारा कुणी मध्यस्थ नसतो. मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हरच. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, अंदाजानं रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर. हे सगळं एका श्वासात. अंदाज चुकला तर डब्यातून असा आवाज येतो की शेजारच्या गावच्या म्हशी आटतात. त्यात गाडी जुनी असली तर आणखी एक रोग. चढावर जोर पडला की टाकलेला गिअर आपोआप बाहेर येतो. त्याला आम्ही 'गिअर सुटला' म्हणतो. तर त्या दिवशी मावशीचा दुसरा गिअर सुटला होता.

मावशी म्हणजे तो ट्रक. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा, माझ्यापेक्षा थोडा लहान आणि माझ्यापेक्षा बरा दिसणारा. मालक किसनराव मेश्राम, आमचे किसनभाऊ. हे सगळं लिहिणं त्यांच्यासाठी आहे.

आमचं एक 'जुनं चाक मंडळ' आहे. अकरा सभासद, सात ट्रक. त्यातले तीन चालतात, दोन ढकलल्यावर चालतात आणि दोघांकडे आम्ही नुसतं प्रेमानं पाहतो. दर रविवारी सकाळी प्रतापनगरात किसनभाऊंच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बैठक. पोहे, वर तर्री, आणि अध्यक्षस्थानी मावशी. किसनभाऊ मंडळाचे कुणीच नव्हते. ना अध्यक्ष, ना सचिव. पण ते आल्याशिवाय पोह्यांना कुणी हात लावत नसे. कुणाची गाडी नव्यानं मंडळात आली की ते आधी तिच्या बॉनेटवर हात ठेवायचे आणि विचारायचे, "पोट कसं आहे वं बाई?" मग कान लावून थांबायचे. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायचे. आम्ही हसायचो. पण नंतर मी ती गाडी खोलली की दुखणं नेमकं ते सांगत तिथंच निघायचं. दोनदा चुकले ते आयुष्यात, आणि दोन्ही वेळा गाडी खोटं बोलली होती.

डॉक्टरांनी त्यांचा ट्रक सावनेरकडच्या एका शेतातून आणला तेव्हाची गोष्ट. ट्रकच्या केबिनमधून कडुलिंब उगवून टपाबाहेर गेला होता. डॉक्टर कुऱ्हाड घेऊनच आलेले. किसनभाऊ वर चढले, पाहिलं, खाली उतरले.

"डॉक्टर, तीन आठवडे थांबा."

"का हो?"

"वर साळुंकीनं पिल्लं घातली. भाडेकरू आधीचे आहेत, काढता येत नाई."

आणि खरोखर तीन आठवडे अकरा माणसं दर रविवारी त्या शेतात जाऊन पिल्लांना पंख फुटले का ते पाहत होती. मोहनसेठ तर त्यांच्यासाठी फरसाण न्यायचे.

माझ्या कारखान्यात एक मालक यायचा. त्याची तक्रार एकच, गाडी डावीकडे ओढते. मी चाकं तपासली, स्प्रिंगा तपासल्या, पुढचा आस बदलला. तीन वेळा आला. गाडी माझ्या दारात सरळ, काटोल रस्त्याला गेली की डावीकडे. शेवटी किसनभाऊ त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून एक खेप करून आले. म्हणाले, "मिस्त्री, पाना ठेव खाली. गाडीले काई नाई झालं. ड्रायव्हरले झालं. डाव्या हाताच्या ढाब्यावाल्याची पोरगी आहे." पुढे त्या ड्रायव्हरचं लग्न झालं. वरात कोणत्या ट्रकमधून निघाली ते सांगायला नको. त्या दिवशी मावशी उजवीकडे ओढत होती, एवढंच सांगतो.

स्वयंपाकही ते इंजिनावर करायचे. ॲल्युमिनियमच्या डब्यात मटण मसाला लावून भरायचं, डबा तारेनं इंजिनाच्या गरम पाइपाला बांधायचा आणि निघायचं. त्यांचं कोष्टक ठरलेलं होतं. सावनेरपर्यंत वरण शिजतं, पांढुर्ण्यापर्यंत मटण. कुणी विचारलं, "किसनभाऊ, बैतूल किती लांब आहे?" तर म्हणायचे, "पाये शिजतील इतकं." मावशीच्या भोंग्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, लोकांना खोटं वाटतं. एवढंच सांगतो की सीताबर्डीवर तो वाजला तेव्हा कामठीतल्या एका मंडपात बँडवाल्यांनी सूर बदलला.

आणि आता माझ्या मोठेपणाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी कुठल्याच रविवारी घरी गेलो नाही.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. किसनभाऊ गांधीबागेतून खाप्याला कापडाच्या गाठी न्यायचे. मोहनसेठच्या वडिलांच्या गाठी. एकदा समोरून आलेल्या बैलगाडीला वाचवायला त्यांनी मावशी नाल्यात घातली. बैल वाचले, मावशीचं हौसिंग फुटलं. हौसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकमेकांशी धरून ठेवणारं बिडाचं मोठं कवच. बीड म्हणजे जिद्दी लोखंड. फुटतं, वाकत नाही, आणि जोडून घेत नाही. शहरातल्या सगळ्या मिस्त्र्यांनी सांगितलं, फेका. नवं मिळायला महिने लागणार होते. मी म्हटलं, मी जोडतो. कोळशाची भट्टी लावली, ते कवच लाल केलं, दोन दिवस दोन रात्री वेल्डिंग केलं आणि गरम राखेत पुरून ठेवलं. बाळंतिणीला जपतात तसं. तिसऱ्या दिवशी काढलं तर अखंड!

त्या वेल्डिंगची कीर्ती इटारसीपर्यंत गेली. सुरुवातीला मी सांगायचो, कवचाचे तीन तुकडे झाले होते. पुढे पाच झाले. मागच्या वर्षी माझ्या तोंडून अकरा निघाले. किसनभाऊंनी आकड्याला कधी हरकत घेतली नाही. चाळीस वर्षं एकच वाक्य, पोह्याचा घास गिळून: "मिस्त्रीनं जोडलं ते जोडलं." मग मी छाती फुगवून चहा प्यायचो. फक्त एक गोष्ट मला खटकायची. मी कितीदा म्हटलं, "किसनभाऊ, मावशीचा गिअरबॉक्स एकदा खोलू द्या, तपासतो." तर ते हात जोडायचे. "राहू दे गा मिस्त्री. तिले माझी सवय झाली, मले तिची."

मागच्या श्रावणात किसनभाऊ गेले. जेवले, हात धुतला, "पाच मिनिटं पडतो" म्हणाले, आणि पडलेच. आयुष्यभर वेळेवर माल पोचवणारा माणूस, पहिल्यांदा पाच मिनिटांचा शब्द मोडला.

किसनभाऊंचा एक नेम होता. दर हिवाळ्यात एक दिवस मावशीत गांधीबागेच्या दहा गाठी भरायच्या आणि खाप्याला न्यायच्या. आता मोहनसेठचा माल टेम्पोनं जातो, पण त्या दिवसाच्या दहा गाठी मावशीच्या. "रिकामी गाडी चालवणं म्हंजे उपाशीपोटी ढेकर देणं," असं ते म्हणत. चढ एका दमात चढायचा, वर पोचलं की भोंगा. शेजारी कौसल्यावहिनी, त्यांच्या पत्नी, मांडीवर डबा घेऊन बसायच्या.

तर हिवाळा आला आणि वहिनींनी मंडळाला बोलावलं.

"प्लॉटवाला घर बांधून राहिला. गाडी हलवा म्हणते. तीन हप्त्यानं सोमवारी कबाडी येते."

अकरा माणसं एकदम बोलायला लागली. मोहनसेठ म्हणाले, "भाभीजी, ऐसा मत करो! मंडळ सांभाळते ना मावशीले. माझ्या गोदामात ठेवतो."

"ठेवाल, अन् कापड टाकून झाकून देजा. तुमच्या त्या दोन गाड्या आहेत तशा. यायले ते आवडलं नसतं." वहिनी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यांच्या 'यायले'त सगळं येतं. "चालत असन तं न्या. दहा गाठी घेऊन आदल्या रविवारी खाप्याचा चढ एका दमात चढवा. मी बसतो शेजारी. चढली तं तुमची. नाई चढली तं कबाड्याची."

गाडी श्रावणापासून उभी होती. आमच्या हातात तीन आठवडे. आम्ही तुटून पडलो. डॉक्टरांचा एकच मंत्र, ओरिजिनल. त्यांनी केबिनमधल्या प्रत्येक वस्तूची यादी केली. मूळची एका बाजूला, नंतरची दुसऱ्या बाजूला. नंतरच्या ढिगात काय निघालं? कंगवा, तंबाखूची डबी, एक चप्पल, आणि सीटखालून अर्धं लाटणं. अर्धं! करवतीनं कापलेलं, टोकाला खाच पाडलेली, तेलानं काळंकुट्ट.

"हे काय?" डॉक्टरांनी दोन बोटांत धरून विचारलं.

मी म्हटलं, "किसनभाऊ वाटेत पोळ्या करत असतील. अर्ध्या." सगळे खूप हसले. मी सगळ्यांत जास्त. ढीग खोक्यात भरून वहिनींकडे पोचवला. सीटच्या लोखंडी चौकटीला एक खोल खड्डा घासून पडला होता, तो डॉक्टरांनी लांबीचा लगदा भरून, रंग मारून इतका गुळगुळीत केला की माशी घसरावी. आणि मी? चाळीस वर्षं जो गिअरबॉक्स मला खोलू दिला नव्हता, तो मी अखेर खोलला. गिअर जागेवर धरणारी नवी स्प्रिंग, नवी गोळी, लेथवाल्या खराद्याकडून करून घेतलेला नवा काटा. तेलसुद्धा गाळून भरलं. शनिवारी रंगीत तालीम म्हणून गाठी भरून निघालो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टर, दगड, चार बोटं नदी.

पहिल्या गिअरमध्ये चढवून पाहिली. पण पहिला फक्त गाडी जागची हलवण्यापुरता असतो, त्यात अर्ध्या चढावरच पाणी उकळलं आणि मावशीनं किटलीसारखी शिट्टी मारली. दुसऱ्यात टाकली की पाच हातांवर सुटायची. सहा वेळा केलं. सहाव्यांदा मोहनसेठ गाठींवरून उतरले आणि म्हणाले, "मी पैदल जातो."

दुपारी मी एकटाच प्रतापनगरला गेलो. वहिनी पालक निवडत होत्या. मी पायरीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला गोष्ट फुगवता आली नाही.

"वहिनी, दुसरा गिअर सुटतो. मी सगळं नवं टाकलं, तरी सुटतो. उद्या होणार नाही."

त्यांनी देठ तोडला. "लाटणं लावलं होतं का?"

"काय?"

"लाटणं. दुसरा टाकला की गिअरच्या दांडीले लावाचं असते ना. एक टोक दांडीले, एक सीटले. नाई तं सुटते."

ते काळंकुट्ट अर्धं लाटणं! मी पायरीवरून उठलोच.

"तुम्हीच तं खोक्यात देलं परत," वहिनी म्हणाल्या. " मले वाटलं, मिस्त्रीनं नवं काई बसवलं असन, आता गरज नसन." त्या आत गेल्या आणि ते घेऊन आल्या. "दोनदा घासलं. डिझेलचा वास जात नाई. मंग तसंच ठेवलं उशाशी."

"हे कधीपासून आहे?"

"माह्या माहेरचं, चांगलं शिसवाचं. नाल्यातून काढल्यावर तुम्ही गाडी जोडून देली ना? त्याच आठवड्यात यायनं करवतीनं कापलं. उरलेल्या अर्ध्यावर मी पुऱ्या लाटतो." आणि परत पालक निवडायला बसल्या.

त्याच आठवड्यात. मी मिस्त्री आहे, मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी प्लॉटवर मी आधी डॉक्टरांचा गुळगुळीत रंग स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला. डॉक्टर डोळे मिटून उभे राहिले. लांबी निघाली, खड्डा मोकळा झाला. दुसरा गिअर टाकून लाटणं बसवलं. एक टोक दांडीला, एक खड्ड्यात. टक् करून बसलं, जसं काही घरी आलं. आणि खाच दांडीला कशी धरते ते मी पाहिलं. सरळ नाही. केसभर डावीकडे ढकलून. मग मी गाडीखाली गेलो, माझ्या जुन्या जागी, उताणा. मापाची सरळ पट्टी लावली. ते माझं कवच, इटारसीपर्यंत कीर्तीचं, अकरा तुकड्यांचं, राखेत पुरलेलं, ते वाकडं होतं. केसभर. इंजिन एका रेषेत, गिअरबॉक्स केसभर दुसऱ्या. मग नवी स्प्रिंग घाला नाही तर सोन्याचा काटा घाला, जोर पडला की दुसरा सुटणारच.

चाळीस वर्षं तो माणूस माझ्या केसभर चुकीवर लाटणं लावून गाडी चालवत होता. आणि दर रविवारी पोह्याचा घास गिळून म्हणत होता, मिस्त्रीनं जोडलं ते जोडलं.

गाडीखाली मी थोडा जास्तच वेळ राहिलो. डोळ्यात तेल गेलं होतं.

"निघायचं की नाई?" वरून मोहनसेठ ओरडले. ते पुन्हा गाठींवर चढले होते. डॉक्टरांनी या वेळी दगड घरूनच आणला होता, धुऊन.

वहिनी शेजारी बसल्या, मांडीवर डबा. चढाच्या पायथ्याशी मी क्लच दाबला, मोकळा केला, सोडला, रेस दिली, क्लच, दुसरा. वहिनींनी न सांगता उजवा हात पुढे केला आणि लाटणं खटकन बसवलं. त्यांना सवय होती. मी वहिनींकडे पाहिलं, तर त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

आणि मावशी चढली. कशी चढली! पाच हात, दहा हात, शनिवारचा दगड मागे पडला, मोहनसेठ गाठींवर उभे राहून नाचायला लागले, त्या वजनानं मागचं चाक अजून घट्ट बसलं. डॉक्टर हातात दगड घेऊन शेजारून पळत होते, ओरडत होते, "ओरिजिनल! ओरिजिनल!" मी सांगतो, त्या दिवशी कन्हान नदी दोन मिनिटं उलटी वाहिली, मावशीला पाहायला. वर पोचल्यावर मी भोंग्याला हात घातला, तर वहिनींनी आधीच ओढला होता. खाप्याची अर्धी पोरं धावत आली. उरलेली अर्धी अंगावर साबण होता म्हणून आली नाहीत.

गाठी उतरवल्या. वहिनींनी डबा उघडला. मटण होतं, इंजिनावर नाही, गॅसवर केलेलं, पण चवीला तेच. मोहनसेठ शाकाहारी आहेत. त्यांनी रस्सा तेवढा नुसताच पाहिला, तीनदा. कबाड्याला डॉक्टरांनी तिथूनच फोन करून सांगितलं की सोमवारी येऊ नका, आणि मंगळवारीही येऊ नका. मावशी आता मोहनसेठच्या गोदामात असते, कापड न झाकता, आणि दर रविवारी बाहेर निघते.

सगळे पांगल्यावर वहिनी मावशीच्या पायरीवर बसून कुणी दिलेली बोरं खात होत्या. मी समोर उभा राहिलो. हातात ते लाटणं.

"वहिनी, माझं वेल्डिंग वाकडं होतं. किसनभाऊंना पहिल्या आठवड्यातच कळलं. चाळीस वर्षं मला ऐकवायचे, मिस्त्रीनं जोडलं ते जोडलं. मी वाढवून वाढवून सांगायचो, ते मान हलवायचे. एकदाही बोलले नाहीत. काहून? मला वाईट वाटेल म्हणून?"

वहिनींनी बोराची बी बाजूला टाकली.

"सांगतलं असतं, तं तुम्ही गाडी पुन्हा खोलली असती."